‘देवाची माझ्यावर प्रीती असेल, तर हे का?’

ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माणसांबरोबर समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. कधी तो आजारपणाच्या निमित्ताने येतो, कधी मुलाच्या मृत्यूनंतर, तर कधी मोडलेल्या संसाराच्या आडून. पण गाभा एकच असतो. देव माझ्यावर प्रीती करतो असे मी आयुष्यभर ऐकले, इतरांना सांगितलेही, मग आज माझ्या घरात जे चालले आहे त्यात ती प्रीती मला दिसत का नाही? आणि ती दिसत नाही असे म्हटले, तर माझा विश्वास संपला असे समजायचे का? या प्रश्नाला एका बाईंच्या निमित्ताने मी जसे सामोरी गेले, ते त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे मांडत आहे.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जाड वही होती, कोपरे झिजलेली आणि पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. डावीकडे तारीख, मध्ये प्रार्थनेचा विषय आणि उजव्या समासात तांबड्या शाईने ‘बरोबर’ची खूण, अशी त्यांची अनेक वर्षांची पद्धत होती. पाने चाळत त्यांनी मला त्या खुणा दाखवल्या. कोणाला नोकरी लागली होती, कोणाची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली होती, कोणा बहिणीला मूल झाले होते. मग त्या एका पानावर थांबल्या. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या यजमानांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली होती. त्या दिवसापासून ‘यांना बरे कर’ ही एकच ओळ त्या पानावर आणि पुढच्या कित्येक पानांवर लिहिलेली होती. सव्वादोन वर्षांचा समास कोरा होता. त्या कोऱ्या समासावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे बघा. मी अठरा वर्षं संडे स्कूल, मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, घेतलं. यांनी कधी उपासना चुकवली नाही. मग आमचंच पान असं का?”

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, या अर्थाचे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन मी म्हणू लागले. मी अर्ध्यावर असतानाच त्यांनी ते शांतपणे पूर्ण केले, वही मिटली आणि पिशवीत ठेवली. “हे वचन मीच किती जणांना दिलंय,” एवढेच त्या म्हणाल्या. वचन खरे होते आणि आजही मी ते खरे मानते. पण समोरच्या माणसाचे पुरते ऐकून घेण्याआधी दिलेले वचन त्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखे होते, हे त्या मिटलेल्या वहीने मला शिकवले. बायबलमध्ये सर्वस्व गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले होते, तोवर ते त्याचे खरे मित्र होते. बिघडले ते त्यांनी स्पष्टीकरणे द्यायला सुरुवात केल्यावर.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना देवाविषयी काही विचारले नाही, झोपेविषयी विचारले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची कूस ठरावीक वेळाने बदलावी लागते, आणि हे काम त्या रात्रीही एकट्याने करत होत्या. सलग चार तासांची झोप शेवटची कधी मिळाली हे त्यांना आठवेना. बोलता बोलता “सकाळी जागच आली नाही तर बरं,” असे त्या म्हणाल्या. असे वाक्य ऐकले की समुपदेशकाने संकोच बाजूला ठेवून सरळ विचारायला हवे, म्हणून जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे मी विचारले. तसा बेत नव्हता, पण जगण्याचा कंटाळा खोलवर गेलेला होता. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि औषध सुरू झाले. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, ही भीती त्यांच्याही मनात होती. तेव्हा आम्ही बायबलमधले ‘पहिले राजे’ हे पुस्तक, अध्याय एकोणीस उघडला. एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून ‘माझा प्राण घे’ म्हणतो, त्यावर देव त्याला बोल लावत नाही आणि उपदेशही करत नाही. तो निजतो, देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा निजतो, पुन्हा उठून खातो. होरेब डोंगरावर देवाचे त्याच्याशी सौम्य बोलणे त्यानंतर चाळीस दिवसांनी येते. थकलेल्या शरीराची आधी काळजी घेणे हा देवाच्या प्रीतीचा कमी दर्जाचा प्रकार नाही. मंडळीच्या पाळकांशी, म्हणजे धर्मगुरूंशी, बाईंना विचारूनच मी बोलले. भेटीला येऊन प्रार्थना करून जाणारे पुष्कळ होते. आता दोन कुटुंबांनी आठवड्यातल्या दोन रात्री जागण्यासाठी वाटून घेतल्या.

झोप मिळू लागल्यावर त्यांच्या मनात रुतलेला काटा बाहेर आला. प्रार्थनागटातल्या कोणीतरी त्यांना ‘लपलेले पाप शोधा’ असे सांगितले होते आणि या बाईंनी ते इतके मनावर घेतले होते की शाळेत असताना चोरलेल्या पेन्सिलीपर्यंत सगळे त्यांनी देवापुढे कबूल करून झाले होते. याविषयी माझे मत ठाम आहे. पश्चात्ताप ही जिवंत विश्वासाची रोजची गोष्ट आहे. परंतु दुसऱ्याच्या आजारावरून त्याच्या पापाचा अंदाज बांधण्याचा अधिकार प्रभूने कोणालाही दिलेला नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचे?’ असे विचारले, तेव्हा याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही, असे येशूने उत्तर दिले. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठराजण इतरांहून अधिक दोषी होते का, या प्रश्नालाही त्याने नकारच दिला आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला सांगितले. हे दोन्ही उतारे वाचून झाल्यावर त्या बराच वेळ रडल्या. त्या रडण्यात पहिल्यांदाच अपराधीपणा नव्हता, दुःख होते.

तरीही त्यांचा मूळ प्रश्न शिल्लक होताच. दोष नाही, शिक्षा नाही, मग प्रीती कुठे आहे? यासाठी आम्ही योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय तीन भेटींमध्ये, घाई न करता वाचला. लाजर आजारी पडल्यावर त्याच्या बहिणींनी येशूला निरोप पाठवला तो असा की, ज्याच्यावर आपण प्रीती करता तो आजारी आहे. मी बाईंना विचारले, “त्यांनी लाजराविषयी काय सांगितलं नाही, ते बघा.” पुष्कळ वेळ त्या ओळीकडे पाहून त्या म्हणाल्या, “त्यानं काय सेवा केली ते नाही सांगितलं.” निरोपात लाजराच्या प्रीतीचा दाखला नाही, येशूच्या प्रीतीचा आहे. अठरा वर्षांच्या संडे स्कूलची किंमत मी अजिबात कमी लेखत नाही. ती प्रेमाने केलेली सेवा होती. पण वहीतल्या समासाने नकळत तिचा जमाखर्च केला होता आणि ज्या दिवशी येणे बाकी राहिले, त्या दिवशी प्रीतीच बुडाली असे त्यांना वाटले.

त्याच अध्यायातली पुढची गोष्ट अधिक अवघड आहे. मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती असे योहान लिहितो आणि लगेच पुढच्याच वाक्यात, तो आजारी असल्याचे ऐकून येशू होता तिथेच दोन दिवस राहिला, असेही लिहितो. या दोन वाक्यांमध्ये ‘परंतु’ नाही. विलंब झाला म्हणजे प्रीती आटली, हा अर्थ आपण लावतो. योहानाने तो लावलेला नाही. येशू पोचला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. ‘प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता,’ असे मार्था म्हणाली आणि थोड्या वेळाने मरियाही तेच म्हणाली. त्या वाक्यात विश्वासही आहे आणि गाऱ्हाणेही आहे. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरियेच्या बाबतीत तो विव्हळ झाला आणि रडला. एकाच वाक्याला दोघींना दोन वेगळी उत्तरे मिळाली आणि ‘असे कसे बोललीस’ म्हणून तो दोघींपैकी एकीलाही रागावला नाही. “म्हणजे मी हे त्याला तोंडावर बोलू शकते?” बाईंनी विचारले. गेली दोन वर्षे त्या देवाविषयी माझ्याशी, बहिणीशी, स्वतःशी बोलत होत्या. देवाशी मात्र त्या फक्त ‘यांना बरे कर’ एवढेच बोलत होत्या.

म्हणून मी त्यांना बायबलच्या स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र दिले. सहाच ओव्यांचे ते स्तोत्र आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. ज्या दिवशी त्यातला शेवटचा, भरवशाचा भाग तोंडातून निघणार नाही, त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवे वाचा, असेही सांगितले, कारण ते स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही ते देवाला उद्देशून म्हटलेले आहे. स्वतः प्रभूने वधस्तंभावर, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले. आपण अजून पापी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हाच देवाच्या प्रीतीचा पुरावा आहे असे रोमकरांस पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो, तेव्हा तो पुरावा आपल्या आजच्या परिस्थितीतून काढून, घडून गेलेल्या आणि आता कोणालाही पुसता न येणाऱ्या एका घटनेवर ठेवतो. मला स्वतःला माझ्या वाईट दिवसांत याच गोष्टीने धरून ठेवले आहे.

त्या रोज रात्री यजमानांच्या उशाशी बसून स्तोत्र मोठ्याने वाचू लागल्या आणि त्यानंतर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना, म्हणू लागल्या. काही आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा गोंधळलेल्या होत्या. ज्या माणसाला बायकोला हाकही मारता येत नव्हती, त्याने ‘आमच्या स्वर्गातील पित्या’नंतरचे शब्द अडखळत, पण ओळखू येतील असे त्यांच्याबरोबर म्हटले होते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना समजावले की पक्षाघाताने बोलणे गेलेल्या काही रुग्णांमध्ये पाठ असलेल्या प्रार्थना, आकडे, गाणी शाबूत राहतात; त्यावरून स्वतंत्र बोलणे परत येईल असे मानू नये. मी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, “चमत्कार नाही, हे मला कळलंय. मी खूण केली नाही. पण दोन वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना म्हटली.”

यजमान आजही बरे झालेले नाहीत. बाईंच्या औषधाची मात्रा डॉक्टरांनी कमी केली आहे आणि रात्रीच्या पाळ्यांमध्ये तिसरे कुटुंब आले आहे. अजूनही एखाद्या आठवड्यात त्या येतात आणि ‘या वेळी फक्त अठ्ठ्याऐंशीवेच वाचलं,’ असे सांगतात. मागच्या भेटीत त्यांनी वही पुन्हा उघडून दाखवली. नव्या पानावर तारीख होती. विषयाच्या जागी दोन्ही बाजूंना भरून, समासही ओलांडून, देवाला लिहिलेले मोठे पत्र होते. त्यात राग होता, यजमानांच्या पाठीवरची जखम भरत आल्याची बातमी होती आणि मध्येच ‘तू ऐकतोस ना?’ असे विचारलेले होते. खूण करायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.