सेवेला ‘नाही’ म्हणणं म्हणजे देवाला ‘नाही’ म्हणणं का?

चर्चच्या मंडळीत मनापासून काम करणारी माणसं हा प्रश्न समुपदेशनाला वरचेवर घेऊन येतात. बहुतेकदा घरच्यांनी ओढून आणलेली असतात. हे गृहस्थही पत्नीबरोबर आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय अठ्ठेचाळीस, नोकरी पूर्णवेळ. शिवाय संडे स्कूल (मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग), गायनमंडळ, आजाऱ्यांच्या घरभेटी आणि मंडळीचा हिशेब. पत्नी भांडायला आलेली नव्हती. तिने पिशवीतून एक वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली.

घरभेटींची वही होती. रकाने सुबक आखलेले: नाव, वेळ, वाचलेला उतारा, पुढची भेट. मधल्या एका ओळीत लिहिलं होतं, “आई. २० मिनिटं. स्तोत्र २३. पुढची भेट: कळवू.” त्यांची स्वतःची आई, मोठ्या भावाकडे राहणारी. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं?”

इथे घाईने “कुटुंब आधी” असं सांगून काही साधत नाही. श्रद्धाळू माणसाला तो सल्ला जगाचा वाटतो, देवाचा नाही. म्हणून शास्त्रापासूनच सुरुवात केलेली बरी. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १८वा अध्याय सगळ्यांना आठवतो तो इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो याने दिलेल्या सल्ल्यासाठी: सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलास तर तूही थकशील, लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. पण अध्याय सुरू कसा होतो? मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे माहेरी होते, त्यांना घेऊन इथ्रो येतो. काम वाटून देण्याची गोष्ट नंतर निघते. शिवाय आईबापांना द्यायचं ते “देवाला अर्पण केलंय” म्हणून टाळणाऱ्यांना येशूने मार्काच्या शुभवर्तमानातल्या ७व्या अध्यायात चांगलंच सुनावलं आहे. हे उतारे त्या गृहस्थांनी मुलांना शिकवले होते. स्वतःला लावून मात्र पाहिले नव्हते.

त्यानंतरचं काम हिशेबाचं. सेवेला आठवड्याचे किती तास जातात? त्यांचा अंदाज आठ. चौदा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन आखून नोंद ठेवली, जाण्यायेण्याचा वेळ आणि फोनही धरले, तर सरासरी एकोणीस तास निघाले. रविवारचे पाच, धड्याची तयारी दोन, गाण्याची तालीम अडीच, घरभेटी चार, हिशेब दीड आणि फोन व निरोपांचे चार. त्यांना धक्का बसला तो या शेवटच्या चारांचा. पाच-दहा मिनिटांचे तुकडे, जवळपास सगळे संध्याकाळी सात ते दहामधले. घरच्यांची तक्रार बहुधा या तुकड्यांबद्दलच असते; रविवारबद्दल क्वचितच.

प्रत्येक कामाला मग तीनच प्रश्न विचारले. हे मी घेतलं की माझ्यावर पडलं? मी नसेन तर हे थांबेल, की फक्त वेगळ्या पद्धतीने होईल? आणि करून परतताना मन कसं असतं? संडे स्कूल आणि आठवड्याला दोन भेटी त्यांनी ठेवल्या. हिशेब आणि गायनमंडळ सोडायचं ठरलं.

सोडण्याचीही रीत असते. आधी पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) एकट्याने भेटून सांगायचं, कमिटीत एकदम जाहीर करायचं नाही. मुदत सहा आठवड्यांची: पहिले दोन आठवडे नवा माणूस बघतो, पुढचे दोन तो करतो आणि आपण बघतो, शेवटचे दोन आपण बाजूला, शंका आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी. पावतीपुस्तक, किल्ल्या आणि बँकेतली सही यांची बदली याच काळात उरकायची. सही राहिली की फोन सुरूच राहतात.

आणि कारणं सांगत बसायचं नाही. “मुलीची परीक्षा आहे” म्हटलं, की परीक्षा संपल्यावर लोक हजर. “३० तारखेपर्यंत हिशेब माझ्याकडे, १ तारखेपासून नाही, तोवर नव्या माणसाला शिकवतो,” एवढं पुरतं.

तिसऱ्या आठवड्यात अपराधीपणाने उचल खाल्ली. ती खातेच, म्हणून आधीच सांगून ठेवावं लागतं. त्यांनी गायनमंडळाला “फक्त नाताळापर्यंत” असा शब्द देऊन टाकला. दुसरी अडचण अशी, की मोकळे झालेले तास आपोआप घराकडे वळत नाहीत. ते त्याच डायरीत लिहावे लागतात: मंगळवार, साडेसात ते नऊ, फोन आतल्या खोलीत. पहिल्या मंगळवारी मुलगी खोलीतून बाहेरच आली नाही. हे गृहस्थ चाळीस मिनिटं नुसते बसून राहिले. ते बसणं फुकट नव्हतं, हे पटवायला एक अख्खं सत्र गेलं. पत्नीलाही एक सांगणं होतं: त्या दीड तासात जुन्या तक्रारी काढायच्या नाहीत.

“बर्नआउट”, म्हणजे कामात झटून पार थकून जाणं, हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४च्या लेखात मांडला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात झटणाऱ्या लोकांना बघून. अशा थकव्याचा विश्वासाच्या कमतरतेशी संबंध जोडू नये. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, भूक गेली, कशातच गोडी उरली नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना गाठावं. प्रार्थना चालू ठेवूनच.

तीन महिन्यांनी पुन्हा नोंद केली तेव्हा बारा तास भरले. आईचं नाव भेटींच्या वहीतून खोडलेलं होतं. गुरुवारी ते तिच्याकडे जातात, वही घरी ठेवून. मुलगी आता मंगळवारी बाहेर येते, कधी दहा मिनिटं, कधी तासभर. गायनमंडळाचं मात्र अजून सुटलेलं नाही. नाताळ झाला, आता ईस्टरपर्यंत थांबा म्हणतात.