सायकलच्या शर्यतीत पोटापाण्याचं काय?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. शालेय सायकलिंगमध्ये सलग दोन वर्षं विभागापर्यंत गेली. आता कॉलेज सोडून ट्रॅक सायकलिंगच्या अकॅडमीत जायचं म्हणते. हे म्हणतात, पंचविशीनंतर सायकल भिंतीला टेकणार, मग खायचं काय? – एक आई, तासगाव

ताई,

मुलीच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर पंचविशीनंतर शोधायचं नसतं, आत्ताच शोधायचं असतं. त्यासाठी जर्मनीच्या क्रिस्टिना फोगेलची कारकीर्द तिघांनी मिळून बघा. तीही ट्रॅक सायकलिंगचीच, म्हणजे रस्त्यावर नव्हे तर बांधीव लंबगोल ट्रॅकवर शर्यती खेळणारी.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने मिरियम वेल्टेसोबत टीम स्प्रिंटचं, म्हणजे संघाच्या कमी अंतराच्या वेगवान शर्यतीचं सुवर्ण घेतलं. २०१६ला रिओमध्ये वैयक्तिक स्प्रिंटचं. त्या अंतिम शर्यतीत शेवटी शेवटी तिच्या सायकलची सीट निखळली, तरी ती जिंकली. एकूण अकरा विश्वविजेतेपदं. पण तुमच्या घरासाठी यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे : ही बाई जर्मनीच्या संघीय पोलिस दलात नोकरीला होती. तिकडे खेळाडूंना वर्षातले काही महिने पोलिसाचं प्रशिक्षण आणि उरलेला वेळ सराव, अशी सोय आहे. पदकं आणि पगार दोन्ही एकाच वेळी चालू होते.

पडण्याचं तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, पण ते मनात असणारच. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतंच. पाय थांबवता येत नाही. २००९मध्ये रस्त्यावर सराव करताना फोगेलला एका गाडीची धडक बसली. ती सावरली, परत आली, वर सांगितलेली दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं त्यानंतरची. पण जून २०१८मध्ये कॉटबुसच्या ट्रॅकवर सरावातच दुसऱ्या सायकलस्वाराशी टक्कर झाली, कण्याला मार बसला आणि ती कायमची व्हीलचेअरवर आली. वय २७. पुढच्याच वर्षी ती एरफुर्ट शहराच्या नगरपरिषदेवर निवडून गेली. असे अपघात रोज होत नाहीत, पण मुलीपासून ही गोष्ट लपवू नका. तिने ती ऐकून ‘तरी करायचं’ म्हटलं, तर त्या म्हणण्याला वजन आहे.

आता आपल्याकडचं. कॉलेज सोडायला माझा साफ नकार. सायन्स जड जात असेल तर बारावीनंतर शाखा बदला, हवं तर पदवीनंतर बी.पी.एड.कडे, म्हणजे शारीरिक शिक्षणाकडे वळा, पण बारावी झालीच पाहिजे. पोलिस भरतीलाही ती लागते. आणि अजून तिने ट्रॅक पाहिलाय कुठे? रस्त्यावर तासभर दम टिकवणारी मुलगी स्प्रिंटमध्ये चालेलच असं नाही. तिथे शेवटच्या २०० मीटरचा खेळ, मांड्यांत स्फोट लागतो. सुट्टीत पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन आणा. तिथल्या प्रशिक्षकांना वेळा घेऊ द्या. आकडे बोलले, तर पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक आहेच. अकॅडमीचा विचार तेव्हा.

नोकरीचं म्हणाल तर महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. पण तिथे पदकापेक्षा कागद आधी बघतात. मान्यता नसलेल्या संघटनेच्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचं चकचकीत प्रमाणपत्र पडताळणीत उडतं, आणि अशा स्पर्धांचा सध्या सुळसुळाट आहे. प्रवेश फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. जमलं तर बाबांनाच पाठवा; नोकरीचे नियम त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले बरे. जाताना विभागाच्या दोन्ही प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती बरोबर द्या, आणि त्यांवरचं नाव नि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळतेय का, ते आज रात्रीच तपासा.