चार वर्षांच्या मुलांची चवथ

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही फोंड्याजवळच्या मूळ घरी जातो. तिथे मोठी माणसं कामात असतात आणि मुलं मोबाइलवर. चवथ म्हणजे काय हे तिला कळावं म्हणून घरी आधीपासून काय करून घेता येईल? (एक आई, म्हापसा)

उत्तर : माटोळीपासून, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-फुलांच्या चौकटीपासून, सुरुवात करा. गणपतीच्या जन्माची गोष्ट या वयाला जड जाते. डोकं उडवल्याचा भाग ऐकून काही मुलं रात्री दचकून उठतात, तेव्हा ती सध्या राहू द्या. माटोळी मात्र हातात धरता येते, हुंगता येते, मोजता येते. भाद्रपदात आपल्या रानात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि परसात काय काय असतं, ते सगळं तिथे डोक्यावर टांगलेलं दिसतं.

चवथीआधी बाजारात माटोळीचं सामान येतं, तेव्हा गर्दी व्हायच्या आत, सकाळीच तिला घेऊन जा. पाचच जिन्नस तिच्या हाताने निवडून घ्या : काकडी, दोडकं, आंबाडे, कारीट आणि सुपारीचा लहानसा घड. एका खेपेत याहून जास्त नावं लक्षात राहत नाहीत. सगळं देठासकट घ्या. देठ नसला की दोरी निसटते आणि ऐन आरतीत काकडी खाली येते.

घरी तिची स्वतःची छोटी माटोळी करा. दोन-दोन फुटांच्या चार बांबूच्या काठ्या चौकोनात बांधून आत आणखी दोन आडव्या टाका. बांधायला केवणीची (रानातल्या एका झुडपाची) साल मिळाली तर फारच छान. ओली असताना ती हवी तशी वळते. नाहीतर सुतळी घ्या. नायलॉनची दोरी नको, गुळगुळीत देठावर ती टिकत नाही. चौकट दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी ठेवली की मुलीचा हात पोचतो. साडेतीन वर्षांच्या बोटांना गाठ मारता येत नाही आणि तिथेच मुलं कंटाळून उठतात. म्हणून दोऱ्यांना सरफास आधीच करून ठेवा. तिने देठ फासात घालायचा, तुम्ही ओढायचं. काकडी सर्वांत आधी आणि मधोमध. जड वस्तू कडेला गेली तर टांगल्यावर चौकट कलते. बांधताना प्रत्येक जिन्नसाचं नाव दोघींनी मोठ्याने घ्यायचं. गावच्या घरी गेल्यावर मोठ्या माटोळीत हेच पाच जिन्नस तिला शोधायला सांगा. चाळीस-पन्नास वस्तूंतून आपलं कारीट सापडलं की ती स्वतःच आजीला ओढत नेऊन दाखवेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. मोठ्या माटोळीत कळलावीची लाल-पिवळी फुलं लावतात. ती दिसायला फार सुरेख, पण त्या वेलीचा प्रत्येक भाग विषारी असतो, कंद तर सर्वांत जास्त. फूल गळून पडलं तर लगेच उचला. रानातली अनोळखी फळं हाताळल्यावर तिचे हात साबणाने धुवा.

स्वयंपाकात तिला पातोळ्यांचं काम द्या. दोन वाट्या तांदूळ चार तास भिजवून, चिमूटभर मीठ घालून, जमेल तितक्या कमी पाण्यात वाटा. दोन वाट्या खोबरं आणि एक वाटी गूळ शिजवून चून, म्हणजे सारण, कोरडं करा. हळदीची पानं ओल्या फडक्याने पुसणं आणि त्यांवर बोटांनी पीठ पसरणं हे तिचं काम. चून भरणं, पान दुमडणं आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवणं तुमचं. पीठ पातळ झालं तर ते घडीत गोळा होतं, चून ओलं राहिलं तर गूळ बाहेर वाहतो. तिचं पीठ कुठे जाड, कुठे पातळ पसरेल. ते पुन्हा सारखं करू नका, तसंच वाफवा.

प्रश्न : आरतीला घुमट (मातीचं चामडं लावलेलं वाद्य) सुरू झालं की आमचा चार वर्षांचा मुलगा कान झाकून रडतो. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावं का? (वडील, डिचोली)

उत्तर : दुसऱ्या खोलीत भिंतीपलीकडून येणारा आवाज त्याला अधिकच भीतीदायक वाटेल. त्याला दारापाशी, कासाळ्यांपासून (मोठ्या झांजांपासून) लांब बसवा. बहुतेकदा कानाला घुमटापेक्षा कासाळ्यांचा चिरका आवाजच टोचतो. आणि आतापासून त्याला स्वतःचं घुमट करून द्या.

शीतपेयाची एक लिटरची जाड बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली ताणाने चेपते. तळ कापा आणि कापलेल्या कडेवर चिकटपट्टी लावा, नाहीतर बोट कापतं. मोठ्या फुग्याचा निमुळता भाग कापून टाका आणि उरलेला भाग त्या तोंडावर ताणून रबराने पक्का करा. सैल राहिला तर नुसतं फटफट वाजतं. बाटलीचं दुसरं तोंड उघडंच ठेवायचं. खऱ्या घुमटाचंही असंच असतं : मातीच्या भांड्याच्या रुंद तोंडावर चामडं, मागचं लहान तोंड मोकळं. एका हाताने फुगा थोपटायचा, दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, की आवाज बदलतो. हा बदल आपल्या हाताने होतो हे कळलं की भीती बरीच ओसरते. रोज पाच मिनिटं पुरेत. फुग्याचे तुकडे मात्र लगेच फेका, मुलांच्या घशात अडकतात.

त्याने चामड्याबद्दल विचारलं तर खरं सांगा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. आता घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून बकरीचं लावतात.

प्रश्न : आमच्याकडे कागदावरचा गणपती पुजतात. शाळेतून आल्यावर मुलगी विचारते, ‘आपला गणपती खोटा आहे का?’ (आजी, काणकोण)

उत्तर : तिला जवळ घेऊन सांगा : खूप पूर्वी इथे परक्यांचं राज्य होतं आणि त्यांनी आपल्या पूजेला बंदी केली होती. मूर्ती चटकन लपवता येत नाही. चित्र मात्र गुंडाळून ठेवता येतं, म्हणून आपल्या माणसांनी गणपती कागदावर काढला आणि कुणाला न कळू देता पुजला. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं, पण हे साल तिला आताच नको. ‘लपवलेला बाप्पा’ एवढं पुरे, मुलांना लपाछपी कळते. मग तिला जाड कागद आणि खडू द्या, आणि तिचं चित्र चार दिवस देव्हाऱ्याशेजारी लावा. रेघा वाकड्या असल्या तरी पुसून नीट करू नका.