नवं संशोधन वाचायचं तर एक प्रश्न धर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. शरीरक्रियाशास्त्रातलं सगळं नवं वाचून होत नाही, त्या नादी लागू नकोस. एकच प्रश्न धर. समजा, झोपेत मेंदूतला कचरा जास्त धुतला जातो का?

पबमेडवर (वैद्यकीय संशोधन-निबंधांची ऑनलाइन सूची) खातं उघड. 'ग्लिम्फॅटिक' (मेंदूतला कचरा धुणारी द्रवाची यंत्रणा) आणि 'स्लीप' हे शब्द टाकून शोध घे, शोधपट्टीखालचं 'क्रिएट अलर्ट' दाब आणि मेल आठवड्यातून एकदाच मागव. रोज आली की ती न उघडताच पुसली जाते. 'ह्यूमन्स' ही चाळणी मात्र लावू नकोस. ती मेश-शब्दांवर, म्हणजे निबंधांना लावलेल्या ठरावीक विषय-शब्दांवर चालते. ज्या निबंधांना ते शब्द लागलेलेच नाहीत ते, प्रीप्रिंटसकट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच मांडलेले निबंध), गुपचूप गळतात. माणूस की उंदीर, ते सारांश वाचून तूच ठरव.

निबंध हाती आला की आधी पद्धत वाच. 2013 मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या गटाने 'सायन्स'मध्ये उंदरांवर दाखवलं, की झोपेत ही सफाई वाढते. 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये, तेही उंदरांवरच, उलट मांडलं: झोपेत आणि भुलीत ती मंदावते. खरं कोणाचं, हे नंतर; द्रवाची वाट दिसावी म्हणून वापरलेलं रंगद्रव्य कुठे टोचलं ते बघ. पहिल्यांनी ते कवटीच्या तळाशी, मेंदूबाहेरच्या द्रवात सोडून आत किती शिरतं ते पाहिलं (बीटा-अमायलॉइड, म्हणजे मेंदूत साचणारं एक प्रथिन, किती वेगाने निघून जातं, ते वेगळं मोजलं). दुसऱ्यांनी थेट मेंदूच्या ऊतीत टोचून ते किती पसरतं, किती उरतं ते मोजलं. बातमीत दोन्हींना 'सफाई'च म्हणतात.

माणसांवरचं काम अजून जपून वाच. 2019 मध्ये बोस्टनच्या गटाने एमआरआयमध्ये नॉन-रेम झोपेत (रेम हा डोळे झरझर हलण्याचा टप्पा सोडून उरलेली झोप) मेंदूतल्या द्रवाच्या मोठ्या लाटा दाखवल्या. वाहणं दिसलं, कचरा बाहेर गेला का, ते त्यात मोजलेलं नव्हतं. म्हणून वहीत तीन रकाने आख: काय मोजलं, कोणात मोजलं, लेखक काय म्हणतात. पहिला आणि तिसरा जुळत नाही तिथे लाल खूण.

मुख्य निबंधांचं 'साइटेड बाय' (त्यांचा दाखला देणाऱ्या निबंधांची यादी) महिन्यातून एकदा उघड. आक्षेप आणि त्यांची उत्तरं तिथेच सापडतात. पबमेडचं तोकडं वाटलं तर गुगल स्कॉलर बघ, तिथे यादी लांब पण गाळही फार.

आणि एक. निबंध मागे घेतला गेला तर पबमेडवर सूचना दिसते, तुझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या पीडीएफवर नाही. जर्नल क्लबच्या (निबंधावरच्या गटचर्चेच्या) आदल्या दिवशी मूळ पान पुन्हा उघडून बघ.

कळावे.