दोन मंडळांच्या पोरांना कोणता सिनेमा दाखवू?

प्रश्न : आमच्या शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांत गेल्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत पुढे कोण, यावरून मारामारी झाली. पोलिसांतलं प्रकरण मिटलं, पण पोरं अजून एकमेकांकडे बघत नाहीत. माझा भाऊ एका मंडळात, मामेभाऊ दुसऱ्यात. दोन्हीकडच्यांना एकत्र बसवून सिनेमा दाखवला तर काही फरक पडेल का? कोणता दाखवू?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : ताई, जरूर दाखवा. मात्र दोन तासांत राग उतरेल अशी आशा धरू नका. रवांडात १९९४ च्या नरसंहारात रेडिओवरून लोकांना चिथावलं गेलं. तिथेच २००४ पासून समेटासाठी एक श्रुतिका-मालिका सुरू झाली, भांडणाऱ्या दोन काल्पनिक गावांची. बेट्सी पालक या संशोधिकेने काही गटांना ती वर्षभर एकत्र बसवून ऐकवली, तर काहींना आरोग्यावरची मालिका. समेटाची मालिका ऐकणाऱ्यांची मनातली मतं फारशी हलली नाहीत. पण चारचौघांत कसं वागायचं असतं, याची त्यांची समजूत बदलली आणि वागणंही. गोष्ट रेडिओची असली तरी मला ती पडद्यालाही लागू वाटते. म्हणून मोबाइलवर लिंक पाठवून भागणार नाही. तुमच्या भावाला मामेभाऊ त्याच खोलीत, त्याच प्रसंगाला गप्प झालेला दिसायला हवा.

माझी निवड 'शेजारी'. प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा, १९४१ चा. पाटील आणि मिर्झा हे जिवाभावाचे शेजारी; केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. गावात धरण बांधू पाहणाऱ्या भांडवलदाराला त्यांची मैत्री अडचणीची ठरते आणि तो दोघांत काडी टाकतो. मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणाऱ्या मुस्लिम लीगच्या लाहोर ठरावाच्या पुढच्याच वर्षी असा सिनेमा काढायला छाती लागते! तुमच्या पोरांचं भांडण अगदी वेगळं आहे आणि तेच सोयीचं. इथे कुणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटणार नाही.

'तमस' सध्या नको. गोविंद निहलानींची ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. ती थांबवावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने नकार दिला. मी तिला फार मानते, पण डोकी गरम असताना दंगलीची दृश्यं नकोत.

जागा कुठल्याच मंडळाची नको, शाळेचा वर्ग मागा. सिनेमा संपल्यावर लगेच चहा द्या, नाहीतर पोरं पांगतील. मग 'यातून काय शिकलात' असं मुळीच विचारू नका. विचारा : धरण फुटायच्या आधी हे दोघं नेमके कुठे थांबू शकले असते? कुणी अडवायला हवं होतं? 'शेजारी'त दोघं एकत्र येतात ते मरताना, म्हणून हा प्रश्न पोरांना बोलतं करतो. पहिल्यांदा बोलायला पाटील-मिर्झांच्या वयाच्या कुणाला तरी बसवा. पोरं आपोआप वाद घालायला लागतील. गाडी मिरवणुकीवर आली तर येऊ द्या, तुम्ही आणू नका.

जमलं तर पुढच्या महिन्यात त्यांच्याच हातात कॅमेरा द्या. मोबाइल पुरे. विषय रंगपंचमीच्या रहाडींचा, म्हणजे रंग खेळायच्या जमिनीतल्या जुन्या हौदांचा. तिवंधा चौकातली रहाड वर्षभर बुजवलेली असते. ती उघडण्याच्या आठवणी दोन्ही गल्ल्यांतल्या म्हाताऱ्यांकडे असतील. पाच मिनिटांची फिल्म, प्रत्येक जोडीत एक इकडचा, एक तिकडचा. चित्रीकरण वेगवेगळं झालं तरी चालेल, संकलनाला मात्र सगळ्यांना एकाच टेबलाशी बसवा. कुणाच्या आजोबांचं वाक्य ठेवायचं आणि कुणाचं कापायचं, यावर त्यांना आपसात तोडगा काढावाच लागेल.