मखमलीत टाके बुडतात, तेव्हा

प्रश्न : घरी संगणकीय भरतकामाचे यंत्र घेतले आहे. सुती कापडावर नक्षी चांगली येते. परंतु भाचीच्या लग्नासाठी सुरतेहून आणलेल्या पॉलिस्टर मखमलीवर तीनदा प्रयत्न केला, तर तिन्ही वेळा टाके लवेत बुडाले आणि कापड ताणून धरणाऱ्या रिंगचा गोल वळ उमटला, जो इस्त्री करूनही जात नाही. टाके आणखी दाट करावेत काय? ब्लाउजचे कापड अजून शिल्लक आहे. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : टाके दाट मुळीच करू नका. मीही प्रथम हेच केले होते. गर्द लाल मखमलीवरची पाने पुठ्ठ्यासारखी कडक झाली, भोवतीचे कापड चुणले आणि एके ठिकाणी सुईच्या सततच्या माऱ्याने कापडच कापले गेले. मखमलीची लव उभी असते आणि टाक्यांच्या फटींतून ती वर डोकावते. म्हणून दोऱ्याची भर घालण्यापेक्षा लव आधी दाबून ठेवणे हाच खरा उपाय आहे. त्यासाठी नक्षीच्या आकाराहून किंचित मोठी, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याची विरळ जाळी प्रथम भरावी आणि पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म वर अंथरून मगच मुख्य नक्षी चालवावी. कोयरी, भरीव पाने अशा आकारांना हे मानवते. एकेरी धावत्या टाक्याच्या बारीक वेली मात्र मखमलीवर हरवतात, त्या सोडून द्याव्यात.

रिंगमध्ये मखमल कधीही आवळू नये. केवळ खालचा नॉनवोवन कागद (कापडाला खालून आधार देणारा, न विणलेला थर) रिंगमध्ये ताणून बसवावा, त्यावर तात्पुरत्या चिकट फवाऱ्याचा हलका हात फिरवावा, मखमल अलगद ठेवावी आणि कडेने कच्चे टाके घालावेत. सुई नवी, ७५/११ क्रमांकाची असावी. यंत्राचा वेग मिनिटाला ४०० ते ६०० टाके इतकाच ठेवावा.

उमटलेल्या वळावर यापुढे इस्त्री टेकवू नका, कारण तिने लव अधिकच चेपते. मखमलीच्या दुसऱ्या तुकड्यावर कापड पालथे ठेवून, उलट बाजूने, इस्त्री न टेकवता वाफ द्यावी आणि मऊ ब्रशने लव उठवावी. पॉलिस्टर मखमल बहुधा सावरते. रेशमी किंवा रेयॉनच्या मखमलीवर पाण्याचे डाग पडतात, म्हणून तिथे फिल्म धुऊन न काढता हलकेच फाडावी आणि कोपऱ्यांतले कण चिमट्याने उचलावेत.

वाया गेलेले तिन्ही तुकडे टाकून देऊ नका. त्यांवर एकच कोयरी जाळीसह आणि जाळीविना, फिल्मसह आणि फिल्मविना भरून पाहा व प्रत्येकीजवळ चिठ्ठी टाचा. माझ्या हाताला खरे वळण अशाच तुकड्यांनी लावले. शिल्लक कापड कापताना मात्र लव कुठल्या दिशेने झुकते ते तळहात फिरवून पाहा, पाठीमागे खडूने बाण काढा आणि दोन्ही बाह्यांना एकच दिशा ठेवा, नाहीतर दिव्याच्या उजेडात एक बाही गडद आणि दुसरी फिकी दिसेल.