आधी पाणी माग

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावात तुला सलाम.

वेचणीच्या दिवसांत तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, म्हणजे दिवसभर वाकून कंबर धरलेली असताना रात्री बसला असशील. मी ते दोनदा वाचलं. शिबिरात देवाच्या धाडसी प्रेमाबद्दल ऐकून तू पेटून उठलास, आणि गावात परत आलास तर ख्रिस्ती घर तुमचं एकच. तुला पारावर सभा घ्यायची आहे. आई म्हणते, "गावात उगा बोलणं नको होऊ देऊ." आता तू मला विचारतोस, आई भित्री की मी उतावळा?

आईला भित्री म्हणू नकोस. तुझा बाप गेल्यावर तिने त्याच गावात, त्याच घरात, दाराच्या चौकटीवरचा क्रूस न काढता तुम्हा भावंडांना वाढवलं. सभेचं मी आज सांगत नाही. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात ड्रेसिंगला लागले तेव्हा मी २१ वर्षांची होते. काम मनापासून करायची. बधिर झालेले पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे घासून काढायचे, तेल लावायचं, जखम धुऊन पट्टी बांधायची, मऊ रबराची चप्पल नीट बसते का ते बघायचं. घरी पत्रात लिहायची, की मी इथे देवाचं प्रेम दाखवते आहे. वॉर्डात एक म्हातारे बाबा होते. बोटं आत वळलेली. मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर चहा करायचे. हाताला चटका समजत नाही म्हणून कपाला फडकं गुंडाळायचे आणि दोन्ही तळव्यांत धरून माझ्यापुढे करायचे. "बाई, चा घ्या न."

मी म्हणाले, "बाबा, आज उपास हाये मले."

दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "समजते बाई मले."

औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही, हे मी शिकलेली होते. तेच मी नातेवाइकांना रोज समजावून सांगायची. तरी त्या कपाला हात लागला नाही. त्यांच्या जखमेला हात लावताना भीती वाटत नव्हती, कारण तिथे मी देणारी होते. त्यांच्या हातून घ्यायचं म्हटलं की मी मागे सरत होते. बेटा, माझं सगळं प्रेम तिथेच उघडं पडलं.

पंधरा दिवसांनी मी आपण होऊन गेले आणि म्हणाले, "बाबा, चा पाजता का?" त्यांनी कप राखेने घासला, धुतला, परत घासला. मी थांबले. चहा गोडमिट्ट होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला त्यांच्या लेकीचं नाव सांगितलं. तोवर मला त्यांचा पाय माहीत होता, माणूस माहीत नव्हता.

आता योहानाचा चौथा अध्याय काढ. प्रभू थकून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे, भर दुपार आहे, शोमरोनी बाई एकटी पाण्याला आली आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. जिवंत पाण्याचं बोलणं पुढे येतं. प्रभूचा पहिला शब्द काय? मला पाणी दे. तिच्या भांड्यातलं, तिच्या हातचं. नंतर गावकऱ्यांनी आग्रह केला तर तो तिथे दोन दिवस राहिलासुद्धा. दोन दिवस राहिला म्हणजे त्यांच्याच घरी निजला असेल, त्यांचंच अन्न खाल्लं असेल. ज्या मुलखात अजूनही कोणाच्या हातचं पाणी कोण पितं हे बघितलं जातं, तिथे ही गोष्ट काय आहे, हे तुला मी काय सांगू!

भीती वाटते म्हणून लाजू नकोस. वरोऱ्याचे तरुण वकील मुरलीधर आमटे पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला बघून घाबरून पळाले होते. हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं. मग ते परत फिरले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती निघाली, त्यातून आनंदवन उभं राहिलं. ते चर्चचे सभासद नव्हते. पण भीती आणि प्रीती एका घरात नांदत नाहीत, हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं सत्य आपल्या विदर्भाच्या मातीत मी त्यांच्याकडे बघून शिकले.

तू पत्रात एका ओळीत लिहिलंस, की नाल्यापलीकडच्या काकांनी जीव दिला आणि आता त्या घरी कोणी फारसं जात नाही. ती एक ओळ तुझ्या सगळ्या पत्रापेक्षा मोठी आहे. तिथे जा. प्रचाराची पत्रिका नको, बायबल पुढे करू नकोस, किराणाही पहिल्या दिवशी नको. ओट्यावर बस आणि म्हण, "काकू, पाणी द्या." मग कागद विचार. शेतकऱ्याने जीव दिला तर शासनाची मदत १ लाखाची असते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, पण प्रकरण आधी समितीपुढे पात्र ठरावं लागतं. अपात्र झालं की बाई कोलमडते. तिच्यासोबत तहसीलला जा, रांगेत तू उभा राहा, तिला सावलीत बसव. चार खेपा लागल्या तर चार.

आणि तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केलं, परत एकच आला. नऊ कुठे आहेत, असं त्याने विचारलं खरं. पण त्यांचं बरेपण काही काढून घेतलं नाही. मदतीला अट बांधली की तो सौदा होतो, आणि सौदा करणारे सावकार त्या घराने पुष्कळ पाहिले आहेत. मात्र तिने कधी विचारलं, "काहून रे बाप्पा एवढं करतं?", तर त्या वेळी कचरू नकोस. येशूचं नाव घे, सरळ, तिच्या डोळ्यांत बघून.

१९ मार्चला आपल्याकडे पुष्कळ लोक शेतकऱ्यांसाठी अन्नत्याग करतात, यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या करपे कुटुंबाच्या आठवणीत. १९८६ साली त्या दिवशी आत्महत्येत ते सगळं घर गेलं. ईस्टर कितीही मागेपुढे होवो, ही तारीख नेहमी लेंटमध्येच, म्हणजे ईस्टरआधीच्या आपल्या उपासाच्या दिवसांतच येते. तुझा एक उपास त्या दिवशी गावासोबत बसून कर. मी त्या बाबांना खोटा उपास सांगितला होता, तू खरा कर.

एक राहिलं, आणि तेच तुला सगळ्यात जड जाईल. शेताच्या धुऱ्यावरून तुझ्या चुलतभावाशी तीन वर्षं बोलणं बंद आहे, हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू ते लिहिलं नाहीस. त्याची विहीर तुमच्या वावरापासून कितीशी लांब आहे? उद्या वेचणीला जाशील तेव्हा पाण्याची कॅन घरी ठेवून जा.

तो नाही म्हणाला तरी मला कळव. हुरडा निघाला की मी येते. यष्टी अजून फाट्यावर थांबते ना?

आईला सलाम सांग.

तुझी,
सिस्टर मावशी